मदतीची वाट ठाणेदाराच्या टेबलावरून नको

प्रति,
मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पोलिसांच्या मनावरच्या ताणाची बातमी वर्तमानपत्रात येते ती बहुतेक वेळा एखाद्या अंमलदाराने जीव दिल्यावरच. दोन दिवस हळहळ होते आणि तिसऱ्या दिवशी मुख्यालयाच्या सभागृहात ताणतणाव व्यवस्थापनाचं शिबिर लागतं. आम्ही विदर्भातल्या तालुक्यांमध्ये पोलीस आणि त्यांच्या घरच्यांच्या मानसिक आरोग्याचं काम करतो. या कामात नेमकं काय अडतं आणि काय केलं तर अडणार नाही, ते तपशिलाने सांगावं म्हणून हे लांबलचक पत्र.

पोलिसाला आधार देणारी व्यवस्था जिथेतिथे आधी शहरात उभी राहिली. लॉस एंजेलिसच्या पोलीस खात्याने १९६८ साली आपल्या माणसांसाठी पूर्णवेळ मानसशास्त्रज्ञ नेमला. आपल्याकडे मुंबईच्या देवनार ठाण्यात मे २०१६ मध्ये आठ तासांच्या पाळ्या सुरू झाल्या, त्याही एका साध्या अंमलदाराने मांडलेल्या आराखड्यावरून. सप्टेंबर २०२१ मध्ये पोलीस महासंचालकांनी महिला अंमलदारांची ड्युटी १२ तासांवरून ८ तासांवर आणायचं ठरवलं, तेव्हा पहिल्या तीन ठिकाणांत नागपूर शहर आणि अमरावती शहर होतं. विदर्भाला दोन जागा मिळाल्या याचा आनंद आहेच, पण दोन्ही आयुक्तालयं. धारणी, उमरखेड, सिरोंचा अशा तालुक्यांच्या वाट्याला काय आलं, हा आमचा प्रश्न आहे.

शहरातली योजना जशीच्या तशी तालुक्यात आणली की ती चालत नाही, याचं कारण साधं आहे. शहरात अंमलदार साध्या कपड्यात दुसऱ्या टोकाच्या डॉक्टरकडे जाऊन येतो, कोणाला पत्ता लागत नाही. तालुक्याच्या गावात सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या रांगेत त्याच्यापुढे तोच माणूस उभा असतो ज्याला त्याने काल समन्स बजावलेला असतो. मागे पोलीस पाटील, बाकावर त्याच्या बीटमधल्या, म्हणजे त्याला नेमून दिलेल्या हद्दीतल्या, गावाचा सरपंच. मानसोपचाराच्या खोलीचं दार उघडून तो आत गेला की संध्याकाळपर्यंत ठाण्यात बोललं जातं, ‘त्याचं डोकं फिरलं म्हणते.’ या एका वाक्याच्या धाकाने माणूस वर्ष वर्ष गप्प राहतो.

आता ताण कशाचा, ते आधी पाहू. गुन्हेगार, मोर्चे, नेत्यांचे दौरे हे सगळं आहेच. गडचिरोलीत सुरुंगाची भीती वेगळी. पण अमरावती विभागातल्या पाच जिल्ह्यांत आणि वर्ध्यात बीट अंमलदाराच्या मनावर सगळ्यात जास्त साचतो तो मर्ग, म्हणजे आकस्मिक मृत्यूची नोंद आणि चौकशी. पोलीस पाटलाचा फोन येतो, अमुक शिवारात एकाने फवारणीचं औषध घेतलं. अंमलदार कोरे कागद आणि सीलचं सामान घेऊन मोटारसायकलवर निघतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली पंचनामा करायचा म्हणजे दोन पंच मिळवायचे, प्रेत उताणं-पालथं करून पाहायचं, तोंडाला फेस आहे का, मुठी मिटलेल्या की उघड्या, अंगात बनियान कोणत्या रंगाचं, सगळं अक्षरात उतरवायचं. औषधाचा तो उग्र वास वर्दीला लागतो तो एका धुण्यात जात नाही. अंधार पडला असेल तर शवविच्छेदन सकाळवर जातं. केंद्राने नोव्हेंबर २०२१ मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली, तीत आत्महत्येचे मृत्यू सर्वसाधारणपणे बसत नाहीत. म्हणजे रात्र ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात, मेलेल्याच्या भावाशेजारी बसून काढायची. पुढे व्हिसेराच्या, म्हणजे तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या, सीलबंद बाटल्या नागपूरच्या नाहीतर अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचवायच्या आणि पावती आणायची.

इथेही ते संपत नाही. शेतकरी आत्महत्येत शासनाची १ लाखाची मदत मिळायची तर जिल्हा समितीपुढे पोलिसांचे कागद लागतात. म्हणून त्या घरची बाई त्याच अंमलदाराला फोन करत राहते, ‘साहेब, रिपोर्ट आला का?’ महिना, दोन महिने, सहा महिने. एका बीटमध्ये असे चार-पाच मर्ग एकाच वेळी उघडे असले की तो फोन उचलताना माणसाचा हात जड होतो. त्यातून हा अंमलदार स्वतः कोणाच्या तरी शेतकरी घरचाच असतो. त्याच्या भावाच्या नावावरही पीककर्ज असतं, त्याच्याही गोठ्यात त्याच औषधाचा डबा असतो. हे सगळं तो कोणाजवळ बोलत नाही, कारण मर्ग हे ठाण्यात रोजचं काम समजलं जातं. खुनाच्या तपासाला शाबासकी मिळते, मर्गाला फक्त ‘पेंडिंग किती?’ एवढाच प्रश्न येतो.

आमची पहिली सूचना इथलीच आहे. दर महिन्याच्या गुन्हे आढाव्यात मर्गाची संख्या अंमलदारवार पाहावी. एकाच माणसाकडे महिन्यात दोनांपेक्षा जास्त आत्महत्येचे मर्ग जात असतील तर तिसरा दुसऱ्या बीटच्या माणसाला द्यावा. लहान मुलाचा मृत्यू किंवा जळीत असेल तर पंचनाम्याला दोघं जावेत, एक लिहायला आणि एक पाहायला. याला पैसा लागत नाही. आणि त्या घरच्या लोकांना उत्तर देण्यासाठी ठाण्यात एक ठरलेला माणूस आणि ठरलेला वार असावा, म्हणजे बीट अंमलदाराचा खासगी मोबाइल चौकशीची खिडकी होणार नाही.

दुसरी गोष्ट तासांची. कॉमन कॉज आणि सीएसडीएस या संस्थांनी २०१९ मध्ये देशभरच्या पोलिसांची पाहणी केली, तीत कामाचे तास सरासरी १४ निघाले आणि दर दोघांतल्या एकाला साप्ताहिक सुटी मिळत नसल्याचं दिसलं. हे का होतं, त्याचा हिशेब बोटांवर करता येतो. ठाण्यातली कोणतीही चोवीस तासांची एक जागा घ्या, समजा ठाणे अंमलदाराची, म्हणजे ठाण्याच्या टेबलावर बसून तक्रारी नोंदवणाऱ्याची. आठ तासांच्या पाळीने वर्षाला १०९५ पाळ्या होतात. एका माणसाचे ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्या, २० किरकोळ रजा आणि ३० अर्जित रजा वजा केल्या की उरतात २६३. भागाकार करा, ४.१६ येतो. म्हणजे एका खुर्चीमागे चार माणसं आणि वर थोडं. ठाणे अंमलदार, सीसीटीएनएस (गुन्ह्यांच्या नोंदींची संगणक प्रणाली), लॉकअप गार्ड, ११२ च्या गाडीवरचा चालक आणि सोबतचा अंमलदार, अशा पाच जागा धरल्या तरी २१ माणसं तिथेच गेली. बीट, तपास, समन्स-वॉरंट, कोर्ट, गोपनीय, मुद्देमाल यांचा अजून हिशेबच नाही. प्रत्यक्षात एका जागेवर दोन माणसं बारा-बारा तास आलटून पालटून चालवतात. असं दोघांत भागवलं की रजेसाठी उरतात शून्य दिवस. किरकोळ रजा २०२२ मध्ये १२ वरून २० केल्या, चांगलं झालं, पण त्या द्यायला ठाण्यात माणूस नसेल तर त्या कागदावरच राहतात आणि ‘साहेबांनी रजा नाकारली’ हा नवा राग तयार होतो. ठाणेदारही इथे नेहमी दोषी नसतो, त्याच्या हातात माणसंच नसतात.

म्हणून मंजूर पदांची ओरड करण्याआधी प्रत्येक ठाण्याने हा भागाकार आपल्या जागांसाठी करून पोलीस अधीक्षकांकडे पाठवावा, आणि अधीक्षकांनी मुख्यालयाला किंवा कोणाच्या बंगल्यावर ‘संलग्न’ असलेली माणसं आधी त्या आकड्याप्रमाणे परत द्यावीत.

माणसं वाढेपर्यंत झोप तरी वाचवता येते. ती कशी, हे थोडं बारकाईने सांगतो, कारण निम्मी चिडचिड आणि निम्मा रक्तदाब इथून सुरू होतो. पाळी फिरवायची तर सकाळ, दुपार, रात्र या क्रमाने पुढे फिरवावी. उलटी फिरवली, म्हणजे रात्रीवरून दुपार आणि दुपारवरून सकाळ, की शरीराला जुळवून घेणं जास्त जड जातं. सलग तीनपेक्षा जास्त रात्रपाळ्या लावू नयेत. दोन ड्युट्यांमध्ये निदान ११ तासांचं अंतर असावं. शेवटच्या रात्रपाळीनंतर पुढचे २४ तास कोणताही बंदोबस्त नको. सगळ्यात जास्त घोळ होतो तो कोर्टाच्या तारखेचा. रात्रभर गस्त करून सकाळी ११ ला साक्षीला उभं राहायचं, उलटतपासणीत अडखळायचं आणि वर ठपका घ्यायचा. समन्स आठ दिवस आधी हातात येतो, तेव्हाच कोर्ट मोहररने, म्हणजे कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या अंमलदाराने, ड्युटी लावणाऱ्याला तारीख कळवली तर आदल्या रात्रीची पाळी बदलता येते. साक्षीचा दिवस कर्तव्य म्हणून धरावा.

रात्री तीन ते पाच ही वेळ डोळ्यांवर सगळ्यात जड असते. त्याच्या आधी, दोनच्या सुमाराला, वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी ठरवून, आलटून पालटून घेऊ दिली तर गाडी चालवणारा माणूस शुद्धीत राहतो. घरी जाऊन झोपायचं असेल तर शेवटचा चहा पहाटे दोननंतर नको. आणि ज्याचं घर ठाण्यापासून तीस-चाळीस किलोमीटरवर आहे त्याने रात्रपाळी सुटताच मोटारसायकल काढू नये, ठाण्यातच तासभर पाठ टेकून मग निघावं. त्यासाठी खोली लागते, दोन खाटा, पंखा, मच्छरदाणी, खिडकीला काळा पडदा. अनेक ठाण्यांत ही खोली जप्तीच्या मुद्देमालाने भरलेली असते. महिला अंमलदारांसाठी स्वतंत्र खोली आणि आत कडी लागणारं स्वच्छतागृह हवं. ते नसलं की बाया बंदोबस्ताच्या दिवशी पाणीच पीत नाहीत, आणि मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या उन्हात पाणी न पिता उभं राहण्याचा परिणाम काय होतो ते वेगळं सांगायला नको.

डिसेंबरात नागपूरला हिवाळी अधिवेशन लागतं तेव्हा आमच्या जिल्ह्यांमधून माणसं जातात. ठाण्यातली जी मंडळी मागे उरतात त्यांच्यावर दोन जणांचं काम पडतं. पोळा, गणपती, दुर्गोत्सव, मग दिवाळी, मग अधिवेशन, अशी ही साखळी ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत सुटत नाही. या काळात बुडालेल्या साप्ताहिक सुट्यांची नोंद नावापुढे ठेवून जानेवारी-फेब्रुवारीत त्या सलग द्याव्यात. एक एक सुटी वेगवेगळ्या दिवशी देण्यापेक्षा तीन दिवस सलग मिळाले तर माणूस गावी जाऊन येतो, आईबापाला भेटतो, शेत पाहतो.

आता शिबिरांविषयी. सकाळी दहा वाजता मुख्यालयात दोनशे लोक बसवायचे, तज्ज्ञांनी दीड तास बोलायचं, टाळ्या, चहा, फोटो. त्यासाठी सिरोंचाचा माणूस गडचिरोलीला यायला सुमारे २०० किलोमीटरचा प्रवास करतो, तोही पुष्कळदा साप्ताहिक सुटीच्या दिवशी. प्राणायाम चांगलाच आहे, त्याला आमचा विरोध नाही. पण झोप नसलेल्या माणसाची सुटी मोडून त्याला ताणमुक्ती शिकवली तर तो पुढच्या वेळी आपल्याजवळ काही बोलणार नाही. आणि दोनशे लोकांत, पुढच्या रांगेत साहेब बसलेले असताना, कोणीही हात वर करून ‘मला रात्री झोप येत नाही’ म्हणत नाही.

त्याऐवजी समुपदेशकाने फिरावं. प्रत्येक उपविभागात महिन्यातले दोन ठरलेले दिवस, आणि बसायची जागा पोलीस ठाण्याच्या आवारात नको. पोलीस लाईनीतलं एखादं रिकामं क्वार्टर, पंचायत समितीची खोली, शाळा सुटल्यावरचा वर्ग, काहीही चालेल, फक्त पाटी नको. पहिले काही महिने प्रत्येक अंमलदाराची पंधरा-वीस मिनिटांची भेट नावाच्या क्रमाने, सगळ्यांनाच सक्तीची ठेवावी. सक्ती ऐकायला वाईट वाटते, पण तिचा फायदा असा की मग आत जाणारा माणूस ‘केस’ ठरत नाही, सगळेच जातात. ठाणेदारानेही त्याच क्रमात जावं, आणि पहिल्याच दिवशी.

भेटीत नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात, तिला पीएचक्यू-९ म्हणतात, मराठीत मिळते, भरायला पाच मिनिटं पुरतात. मागच्या दोन आठवड्यांत झोप, भूक, उत्साह, एकाग्रता कशी होती ते विचारलेलं असतं, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. दहा किंवा जास्त आले तर नीट तपासणी करायची. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही असेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्या माणसाशी त्याच दिवशी सविस्तर बोलायचं. इथे एक चूक वारंवार होते. प्रश्नावली सगळ्यांसमोर वाटतात आणि गोळा करून लेखनिकाकडे देतात. अशा वेळी शंभरातले शंभर जण शून्य लिहितात, आणि अहवाल जातो की आमच्या जिल्ह्यात ताण नाही.

गोपनीयतेचा मुद्दा आमच्या मते बाकी सगळ्याच्या वर आहे. आज अंमलदाराला आजारपणाची रजा हवी असेल तर रुग्णनिवेदन करावं लागतं, आणि तो कागद ठाणेदाराच्या टेबलावरून जातो. मानसोपचार विभागाचा शिक्का त्यावर दिसला की पुढची भीती सुरू होते: चांगल्या ठाण्यातून उचलून मुख्यालयाला जमा करतील, गोपनीय अहवालात लिहितील, पदोन्नतीच्या वेळी काढतील. म्हणून तो ताप लिहितो, कंबरदुखी लिहितो. डॉक्टरकडेही तेच सांगतो. मग छातीत धडधडतं म्हणून ईसीजी निघतो, तो बरोबर येतो. पोटात जळजळ म्हणून ॲसिडिटीची गोळी, थकवा म्हणून बी-१२ चं इंजेक्शन. मूळ आजार वर्षभर तसाच राहतो. त्यात उशिरा आला म्हणून कसुरी रिपोर्ट, म्हणजे कामात कसूर केल्याचा अहवाल, निघतो, गैरहजेरी लागते, वेतनवाढ थांबते, आणि जो माणूस उपचाराने दोन-तीन महिन्यांत सावरला असता तो चौकशीच्या फेऱ्यात अडकतो.

कायदा या बाबतीत अंमलदाराच्या बाजूने आहे, हे पुष्कळ अधिकाऱ्यांनाही ठाऊक नसतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम २३ ने रुग्णाची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. त्याला अपवाद आहेत, जसे जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश. ‘साहेबांना माहीत असावं’ हा त्यातला अपवाद नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०२१ रोजी केंद्रीय राखीव पोलीस दलातल्या एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं की मानसिक अपंगत्वाशी जोडलेल्या वर्तनावरून शिस्तभंगाची कारवाई चालवणं हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो. हा निकाल प्रत्येक पोलीस अधीक्षक कार्यालयात विभागीय चौकशी पाहणाऱ्या लिपिकाच्या टेबलावर असला पाहिजे.

मग वरिष्ठांना कळवायचं काय? कारण ड्युटी लावणाऱ्याला काहीतरी कळायला हवंच, त्याचीही अडचण खरी आहे. आम्ही सुचवतो तो कागद चार ओळींचा आहे. नाव आणि बक्कल नंबर. कामाचा प्रकार: पूर्ण काम, हलकं काम, रात्रपाळी नको, किंवा शस्त्राविना काम, यांतलं एक. मुदत किती दिवस. पुन्हा तपासणी कधी. आजाराचं नाव नाही, औषधाचं नाव नाही, विभागाचा शिक्का नाही. खाली जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाचा साधा शिक्का, जसा मोडलेल्या हाताच्या प्रमाणपत्रावर असतो. अंमलदाराने हा कागद ठाण्यात न देता थेट अधीक्षक कार्यालयातल्या एका ठरलेल्या अधिकाऱ्याकडे, बंद पाकिटात किंवा मोबाइलवर पाठवावा आणि तिथून ठाण्याला फक्त ड्युटीचा आदेश यावा. एवढी एक वाट बदलली तरी बरेच लोक पुढे येतील, अशी आमची खात्री आहे.

शस्त्राचा विषय नाजूक आहे आणि तो टाळला जातो. ज्याच्या मनात स्वतःला संपवण्याचे विचार आहेत त्याच्या हाताशी पिस्तूल किंवा रायफल असणं हा सगळ्यात मोठा धोका, कारण असा आवेग पुष्कळदा काही मिनिटांचाच असतो आणि शस्त्र असलं की परतायला वेळ मिळत नाही. पण सगळ्यांदेखत बोलावून शस्त्र काढून घेतलं तर तो अपमान आणखी एक कारण होतो. उपाय असा की संपूर्ण ठाण्यात ड्युटी संपताच शस्त्र कोतमध्ये, म्हणजे शस्त्रांच्या खोलीत, जमा करण्याचा नियम सगळ्यांना सारखा, अधिकाऱ्यांसह, काटेकोर पाळायचा. आणि ज्याला विश्रांती हवी त्याला ‘शस्त्राविना काम’ या कागदाने वायरलेसला, पासपोर्ट पडताळणीला, सीसीटीएनएसला लावायचं. तीस दिवसांनी फेरतपासणी, आणि बरं वाटल्यावर शस्त्र परत मिळेल हे पहिल्याच दिवशी त्याला सांगायचं. गार्डवर एकट्याला रात्री उभं करू नये, दोघं असावेत. घरातलं फवारणीचं औषधही तितकंच धोक्याचं. ते कुलपात, आणि किल्ली घरच्या दुसऱ्या माणसाकडे.

दारूबद्दलही बोलायला हवं. वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, तिथे पोलिसाचा बराच वेळ दारूच्या धाडीत जातो, आणि झोपेसाठी म्हणून घेतलेला पेला तिथेही सुटत नाही. अशा माणसाला निलंबनाची धमकी देऊन ‘उद्यापासून बंद’ म्हणणं धोक्याचं आहे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून पहिला आठवडा दवाखान्यात, औषधाखाली. नंतर सहा महिने नियमित भेट. उदासीनतेच्या गोळ्यांबाबत घरच्यांनी एवढं लक्षात ठेवावं की त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नयेत आणि बरं वाटलं म्हणूनही मनाने बंद करू नयेत. काही गोळ्यांनी सुरुवातीला झापड येते, त्यामुळे गाडीचालकाने डॉक्टरला आपलं काम नीट सांगावं.

मोठ्या अपघातानंतर काय करावं हेही ठरलेलं नाही. १ जुलै २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ बस पेटून २५ जण गेले. अशा ठिकाणी पहिले पोचतात ते पोलीस, आणि जळालेले देह बाहेर काढणं, ओळख पटवणं, नातेवाइकांना सांभाळणं हे सगळं त्यांच्याच वाट्याला येतं. अशा घटनेनंतर सगळ्यांना एकत्र बसवून प्रत्येकाला ‘काय पाहिलं ते सांग’ म्हणायची एक पद्धत पूर्वी चालायची. जागतिक आरोग्य संघटना आता ती करू नका म्हणते, त्याने काहींच्या आठवणी उलट घट्ट होतात. करायचं ते साधं आहे: त्या माणसाला त्या दिवशी लवकर सोडा, आंघोळ, गरम जेवण, घरी फोन, जवळ ओळखीचं माणूस, तो बोलला तर ऐका, नाही बोलला तर खोदू नका. पुढचा पंचनामा दुसऱ्याकडे द्या. एक महिन्यानंतरही तेच दृश्य झोपेत येत असेल, दचकणं थांबत नसेल, तो रस्ता टाळत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. ही महिनाभरानंतरची चौकशीच नेहमी राहून जाते, कारण तोपर्यंत बातमी जुनी झालेली असते. ती तारीख स्टेशन डायरीत नको, पण समुपदेशकाच्या वहीत आधीच लिहून ठेवलेली हवी.

ठाण्यात सोबतीसाठी दोन अंमलदार, त्यात एक महिला, निवडून शिकवता येतात. निवड सहकाऱ्यांनी गुप्त चिठ्ठीने करावी. ठाणेदाराने नेमला तर तो साहेबांचा कान समजला जातो आणि त्याच्याजवळ कोणी फिरकत नाही. त्यांनी उपचार करायचे नाहीत, ऐकायचं आणि वाट दाखवायची. दर महिन्याला त्यांनाही कोणीतरी ऐकून घ्यावं लागतं, नाहीतर सगळ्यांचं ऐकून तेच खचतात.

घरच्या बाईला हे सगळ्यांत आधी कळतं. नवरा रात्री अंगणात बसून राहतो, पोरांवर कारण नसताना ओरडतो, एकाएकी सगळी देणी फेडतो, विम्याचे कागद कुठे आहेत ते समजावून सांगतो. अशा वेळी सरळ विचारावं, ‘तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येते का?’ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बहुतेकांना कोणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं होतं. हो म्हटलं तर एकटं सोडू नये आणि १४४१६ वर फोन करावा. ही टेली मानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ठाण्याची परवानगी लागत नाही. हा आकडा लाईनीतल्या प्रत्येक क्वार्टरच्या दारामागे चिकटवावा. ठाण्याच्या नोटीस बोर्डावर लावला तर तो उतरवून घेताना माणूस चार जणांना दिसतो.

शेवटी, संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. पोलिसाच्या आत्महत्येची बातमी छापताना पहिल्याच दिवशी ‘घरगुती कारणातून’ असं लिहू नये. ते ठाण्यातून सांगितलेलं असतं आणि मागे राहिलेल्या बाईच्या माथी ते कायमचं बसतं. कोणत्या शस्त्राने, कशी, चिठ्ठीत काय, हेही नको. भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये याचे नियम स्वीकारले आहेत. त्या बातमीच्या खाली, प्रत्येक वेळी, १४४१६ हा आकडा ठळक चौकटीत द्यावा. जिल्हा आवृत्तीतही द्यावा, कारण आमची माणसं तीच वाचतात.

आपले,
पोलीस कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी काम करणारे कार्यकर्ते
यवतमाळ जिल्हा